जंतू मेला, विष उरलं : एका डब्याची आणि शंभर वर्षांची गोष्ट

आजचा भाग थोडा लाजत लाजतच सुरू करतोय, कारण सुरुवातीलाच मला एक कबुली द्यायची आहे.

मागच्या मे महिन्यात मी कोल्हापूरला आत्याकडे गेलो होतो. निघताना तिने नेहमीसारखा डबा दिला. बासुंदी. सकाळीच आटवलेली, गार केलेली, वरून हाताने बदाम-चारोळी घातलेली. अकराच्या बसने निघालो. बॅग वरच्या रॅकवर, बाहेर मे महिन्याचं ऊन. ट्रॅफिक धरून पुण्यात रूमवर पोचायला सहा वाजले. डबा ओट्यावर ठेवला, लॅपटॉप उघडला आणि एका प्रॉडक्शन इश्यूमध्ये अडकलो ते रात्री दहापर्यंत. मग डबा आठवला. वास घेतला, चांगला होता. चव घेतली, छान होती. तरी मनात शंका नको म्हणून बासुंदी पातेल्यात ओतली, चांगली खदखदा उकळली आणि दोन्ही रूममेट्सना म्हणालो, "उकळलीय रे, बिनधास्त खा."

रात्री एकच्या सुमाराला तिघंही बाथरूमच्या दारात रांगेत. उलट्या म्हणजे पोटात काही उरलं नाही तरी थांबेनात. एकाला पहाटे सलाइन लावायला न्यावं लागलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता खाल्लं?" मी म्हटलं, दहा-साडेदहा. "म्हणजे दोन-तीन तासांत. बहुधा स्टॅफ." मी लगेच म्हणालो, "पण डॉक्टर, मी उकळली होती!" ते म्हणाले, "जंतू मेले असतील. विष कुठे मरतं?"

टेस्ट वगैरे कोणी केली नाही, त्यामुळे ते स्टॅफच होतं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. पण डॉक्टरांचं ते वाक्य डोक्यात बसलं. पुढचे काही वीकेंड मी याच विषयावर वाचत बसलो. माणसाला हे एवढंसं वाक्य कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आणि कळल्यानंतरही, अगदी मोठमोठ्या कारखान्यांत, माणसं ते पुन्हा पुन्हा विसरली. आजची गोष्ट त्याचीच.

द्राक्षांचा घड

सुरुवात स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात होते. अलेक्झांडर ऑग्स्टन नावाचे एक सर्जन होते. त्या काळात ऑपरेशननंतर जखमेत पू होणं नेहमीचंच होतं, कुणाला त्याचं फारसं आश्चर्य वाटायचं नाही. ऑग्स्टनना वाटलं. त्यांनी गळवातला पू काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर बारीक गोल गोल जंतू दिसले. काही माळेसारखे, काही झुबक्यात. घराच्या मागे छोटी प्रयोगशाळा थाटून, कोंबडीच्या अंड्यांत जंतू वाढवून त्यांनी हे काम केलं. 1880 मध्ये बर्लिनला सर्जन लोकांसमोर ते मांडलं, आणि 1882 मध्ये झुबक्यावाल्या जंतूंना नाव दिलं : स्टॅफिलोकोकस. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. 1884 मध्ये रोझेनबाख या जर्मन डॉक्टरांनी त्यातल्या सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्याला 'ऑरियस', म्हणजे सोनेरी, हे आडनाव जोडलं.

पण तेव्हा हा जंतू गळवांचा, जखमांचा. त्याचा जेवणाशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मग अन्नातून विषबाधा कशाने होते असं लोकांना वाटायचं? उत्तर होतं 'टोमेन'. फ्रान्चेस्को सेल्मी या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1870 च्या दशकात हा शब्द काढला, मढं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कल्पना अशी की मांस सडलं की त्यात विषारी रसायनं तयार होतात आणि ती आपल्याला बाधतात. पटण्यासारखी कल्पना आहे. आपणही वास घेऊनच ठरवतो ना, खायचं की टाकायचं ते? अडचण एवढीच की अनेकदा लोक आजारी पडायचे ते अन्न अजिबात सडलेलं नसायचं. 1884 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये चीज खाऊन शेकडो लोक आजारी पडले. व्हिक्टर व्हॉन या शास्त्रज्ञाने चीजमधून एक रसायन शोधल्याचा दावा केला, त्याला भारदस्त नावही दिलं. चीजमध्ये गोल जंतू दिसले होते, पण ते खरे गुन्हेगार असतील हे ठामपणे सिद्ध झालं नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर दिसत होता, पण सगळे दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये बग शोधत होते.

स्वतः दूध पिणारा माणूस

पुढचा टप्पा फिलिपिन्समध्ये. एम. ए. बार्बर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ तिथे काम करत होते. एका शेतावर गेलं की त्यांचं पोट बिघडायचं. एकदा नाही, दर वेळी. संशय दुधावर आणि सायीवर गेला. गंमत अशी की तेच दूध ताजं प्यायलं तर काही व्हायचं नाही. काही तास बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या. बार्बरनी हे स्वतः पिऊन बघितलं. दुधातून त्यांना स्टॅफिलोकोकस मिळाला, आणि तो येत होता एका गाईच्या सडातून. गाय दिसायला ठणठणीत.

1914 मध्ये त्यांनी हे छापलं. त्यांचा अंदाज होता की जंतू दुधात वाढताना एखादं विष तयार करत असावा. म्हणजे नुसता जंतू पुरेसा नाही. जंतू, अधिक वेळ, अधिक ऊब. हे समीकरण 1914 मध्ये कागदावर आलेलं होतं. पण तो पेपर मनिलाच्या एका जर्नलमध्ये पडून राहिला. पहिलं महायुद्ध सुरू झालं, आणि पुढची पंधरा वर्षं त्याकडे जवळजवळ कुणी पाहिलं नाही.

ख्रिसमसचा केक

1929 चा ख्रिसमस. ठिकाण शिकागो. मधे क्रीम भरलेला स्पंज केक खाऊन अकरा जण आजारी पडले. तो केक शिकागो विद्यापीठातल्या गेल डॅक यांच्यापर्यंत पोचला. त्यांना केकमध्ये पिवळा स्टॅफिलोकोकस सापडला. इथपर्यंत नवीन काही नाही. खरी हुशारी पुढे आहे.

डॅक आणि सहकाऱ्यांनी तो जंतू द्रवात वाढवला आणि मग तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही जंतू पलीकडे जाऊ नये. म्हणजे हातात उरला तो जंतू नसलेला द्रव. तो काही स्वयंसेवकांनी प्यायला. आणि थोड्याच तासांत त्यांना तशाच उलट्या सुरू झाल्या. जंतू नाही, तरी आजार आहे. म्हणजे आजार घडवतं ते जंतूने मागे सोडलेलं काहीतरी. पुढे त्याला नाव मिळालं 'एंटरोटॉक्सिन', आतड्याचं विष.

1931 मध्ये एडविन जॉर्डन, डॅक आणि मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला. हे विष तापवलं तर? जंतू तर साध्या उकळीने मरतो. पण गाळलेला द्रव अर्धा तास उकळल्यावरसुद्धा त्यातलं विष पूर्ण गेलं नाही.

हे वाचताना मी पातेल्यातली माझी बासुंदी आठवून गप्प बसलो. मी तर पाच मिनिटं उकळली असेल.

का नाही जात? हे विष म्हणजे एक प्रोटीन आहे. अंड्याचं प्रोटीन तापलं की घट्ट होतं, त्याची घडी मोडते. स्टॅफचं हे प्रोटीन मात्र छोटं आणि घट्ट विणलेलं असतं. उकळत्या पाण्यात ते सहज मोडत नाही, आणि पोटातल्या पाचकरसांनाही पुरून उरतं. सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल असं सांगतो : चुकीची प्रोसेस तुम्ही किल केली, पण तिने डिस्कवर लिहिलेली फाइल तशीच राहते. गॅस पेटवून मी प्रोसेस किल केली होती. फाइल बासुंदीत सेव्ह झालेली होती.

पुढची काही दशकं मर्लिन बर्गडॉल यांच्यासारख्या संशोधकांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं करण्यात घालवली. मग कळलं की विष एक नाही, अनेक आहेत. त्यांना ए, बी, सी अशी नावं पडली. त्यातल्या बी प्रकाराचा अमेरिकेने युद्धातलं अस्त्र म्हणूनही अभ्यास केला होता. मारायला नाही, शत्रूचे सैनिक दिवसभर आडवे पाडायला. 1969 मध्ये तो सगळा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम बंद केला गेला.

आकाशातला नाश्ता

आता 1975 चा फेब्रुवारी. टोकियोहून पॅरिसला निघालेलं जपान एअर लाइन्सचं जम्बो विमान. आत 344 प्रवासी. वाटेत अलास्कातल्या अँकोरेजला थांबा, तिथे जेवणाचे ट्रे चढवले. पुढे कोपनहेगन जवळ येताना नाश्ता वाढला, हॅम आणि ऑम्लेट. साधारण तासाभरात माणसं कोसळायला लागली. 196 प्रवासी आणि एक हवाईसुंदरी. 140 हून जास्त जणांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. डेन्मार्कच्या डॉक्टरांना जपानी येईना, तेव्हा कोपनहेगनच्या रेस्टॉरंटमधली जपानी बोलणारी माणसं दुभाषी म्हणून आणली.

वैमानिक वाचले, ते नशिबाने. ते अँकोरेजला नव्याने चढले होते. त्यांच्या शरीराच्या घड्याळात रात्रीच्या जेवणाची वेळ होती, म्हणून त्यांनी नाश्त्याऐवजी दुसरं जेवण घेतलं. दोघा पायलटांनी एकच पदार्थ का खाऊ नये, हे समजावताना आजही या फ्लाइटचं उदाहरण देतात.

तपास झाला. अँकोरेजच्या किचनमधल्या एका आचाऱ्याच्या बोटांवर जखमा होत्या, त्यात स्टॅफ होता. त्याच हातांनी त्याने हॅम लावलं होतं. पण तपासाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते हॅम तयारीच्या वेळी सुमारे सहा तास किचनच्या उबेत पडून होतं. नंतर ज्या कपाटात ठेवलं तेही पुरेसं थंड नव्हतं. विमानातही ते कित्येक तास फ्रिजशिवाय राहिलं. आणि वाढण्याआधी? ओव्हनमध्ये व्यवस्थित गरम केलं होतं. अगदी माझ्यासारखंच.

अजून एक बारीक गोष्ट. हॅम खारवलेलं असतं. मिठात बरेचसे जंतू टिकत नाहीत, स्टॅफ टिकतो. म्हणजे मिठाने त्याचे स्पर्धक हटवले आणि मैदान त्याला मोकळं करून दिलं.

या घटनेचा शेवट वाईट आहे. आपल्या आचाऱ्यामुळे हे झालं हे कळल्यावर केटरिंग कंपनीच्या 52 वर्षांच्या उपाध्यक्षाने आत्महत्या केली. विमानातला एकही प्रवासी दगावला नाही. सगळे बरे झाले. त्या बातमीशी मी बराच वेळ थांबलो. एका बोटावर सगळा दोष टाकला की असं होतं. खरं तर चूक बोट, घड्याळ आणि तापमान अशी तिघांत वाटलेली होती.

विसरलेलं पत्र

शेवटची गोष्ट जपानचीच, आणि इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात जास्त टोचणारी.

2000 सालचा जून संपत आला होता. ओसाका भागात कमी फॅटचं पॅकेटबंद दूध पिऊन लोक आजारी पडायला लागले. कंपनी स्नो ब्रँड, जपानमधलं दुधातलं मोठं नाव. आकडा वाढत वाढत 13,420 वर गेला. आधी ओसाकाच्या कारखान्यातल्या एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर संशय गेला. पण खरं कारण सापडलं ऑगस्टमध्ये, शेकडो किलोमीटर दूर.

31 मार्चला होक्काइदो बेटावरच्या कारखान्यात वीज गेली. छतावरचा बर्फ विजेच्या खोलीवर कोसळला होता. सुमारे तीन तास वीज नव्हती. मशिनमधलं दूध कोमट अवस्थेत अडकून पडलं, आणि स्टॅफला हवा होता तेवढा वेळ मिळाला. वीज आल्यावर दूध तापवलं, त्याची पावडर केली. जंतू मेले. ती पावडर जंतूंच्या तपासणीत मर्यादेबाहेर गेली होती, तरी टाकून न देता नव्या पावडरीत मिसळली गेली. पुन्हा तापवली की जंतू मरतील, हा हिशोब. नवी पावडर तपासणीत पास झाली. कारण तपासणी जिवंत जंतूंची होती, विषाची नव्हती. तीच पावडर ओसाकाला गेली.

टेस्ट केस सगळ्या हिरव्या, आणि प्रॉडक्शनमध्ये तेरा हजार माणसं आजारी.

पण मला खरं टोचलं ते पुढे. 1955 मध्ये याच कंपनीच्या, याच होक्काइदोतल्या याकुमो इथल्या कारखान्यात हेच झालं होतं. वीज गेली, मशिन बिघडलं, दूध पडून राहिलं, स्टॅफ वाढला, पावडर टोकियोच्या शाळांत गेली. 1,900 हून जास्त मुलं आजारी पडली. तेव्हाच्या अध्यक्षांनी सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एक पत्र लिहिलं होतं, अशी चूक पुन्हा होऊ द्यायची नाही म्हणून. पुढे बरीच वर्षं ते पत्र नव्या लोकांच्या हातात दिलं जायचं. मग ती पद्धत बंद पडली.

आमच्याकडे मोठी गडबड झाली की पोस्टमॉर्टेम डॉक्युमेंट लिहितात. काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. पहिल्या महिन्यात सगळे वाचतात. तीन वर्षांनी ती लिंक कुठे आहे हेही कुणाला माहीत नसतं. बार्बरचा पेपर पंधरा वर्षं पडून राहिला. स्नो ब्रँडचं पत्र कपाटात गेलं. ज्ञान होतं. हाताशी नव्हतं.

मग आपण काय करायचं?

थोडक्यात सांगतो, आणि हे घरच्यांनाही ऐकवा.

साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात हा जंतू असतो, अगदी निरोगी माणसांच्याही. त्यामुळे तो अन्नात येणारच नाही असं शक्य नाही. आपल्या हातात आहे तो वेळ. 5 ते 60 अंश सेल्सियस हा धोक्याचा पट्टा समजा. गरम ठेवायचं तर 60 च्या वर, गार ठेवायचं तर 5 च्या खाली. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको, आपल्या उन्हाळ्यात तर एकाच्या वर नको. खवा, पेढा, बासुंदी, पनीर, क्रीम केक, शिजवून हाताने सोललेलं किंवा कापलेलं काहीही, यांना विशेष जपा. बोटाला जखम असेल तर ती झाकून वर ग्लोव्ह घाला.

शिळं गरम करून खाणं चूक आहे असं मी म्हणत नाही. साल्मोनेलासारखे बरेच जंतू चांगलं गरम केल्याने मरतात, म्हणून गरम कराच. फक्त बाहेर राहिलेल्या अन्नाला उकळी हे प्रायश्चित्त समजू नका. आणि वास-चव ठीक म्हणजे अन्न ठीक, असंही नाही. या विषाला वासच नसतो.

झालंच तर साधारण एका दिवसात बरं वाटतं. ओआरएस घोट घोट घेत राहा. यात विष आधीच तयार असतं, म्हणून मनाने अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल, लघवी कमी झाली, शौचातून रक्त गेलं किंवा ताप चढला, तर घरी बसू नका.

राहिलेली कबुली

सुरुवातीला म्हटलं होतं कबुली द्यायची आहे. ती उकळण्याची नाही.

त्या दिवशी आत्याच्या बोटाला पट्टी होती. विळीवर कापलं होतं. मी आजारी पडल्याचं कळल्यावर आईने तिला फोनवर सुनावलं, "वन्सं, बोट कापलेलं असताना कशाला करत बसायचं?" आत्या एवढंच म्हणाली, "आगं, हात धुतलेले की मी." पुढचे सात-आठ महिने तिने कुणालाही डबा दिला नाही. आणि मी गप्प बसलो. डबा बसमध्ये सात तास आणि ओट्यावर चार तास होता, हे मी आईला सांगितलंच नव्हतं. बोटावर ढकललं की घड्याळाबद्दल कुणी विचारत नाही.

अँकोरेजची गोष्ट वाचली त्या रात्री आत्याला फोन केला. सगळं सांगितलं. जंतू कदाचित तुझ्या बोटावरून गेला असेल, कदाचित माझ्याच नाकातून, ते आता कळणार नाही. पण त्याला अकरा तास मी दिले. तू दिलेला डबा मी थंड ठेवला असता तर काहीच झालं नसतं. मग आईलाही हेच सांगितलं. आई थोडा वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "मीच करते वन्संना फोन."

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून येताना परत डबा मिळाला. या वेळी आत्याने आधी विचारलं, "बर्फाची पिशवी आणलीयस का रं?" आणली होती.

हा भाग ज्यांच्या घरी बासुंदी, पेढे, डबे असं येणं-जाणं चालतं त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात.